सांगायला येणारी माणसं

१२ जानेवारी

ताई,

आईच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. हे फोनवर सांगण्यासारखं होतं, पण तू फोन उचलत नाहीस, आणि मेसेजपुढे नुसत्या दोन निळ्या खुणा उमटतात. म्हणून कागद घेतलाय. कागदावर तू वाचलंस की नाही ते कळत नाही. एका परीने बरंच आहे.

बाकी आई बरी आहे. गुडघा तसाच, कान आणखी गेलाय. रोज विचारते, मोठीचा फोन आला होता का. मी हो म्हणते. मग काय म्हणाली ते विचारते, त्यामुळे तुझी खुशाली मला रोज नव्याने बनवावी लागते. परवा तुला थोडी सर्दी होती. काल उतरली.

बसमध्ये चढताना तू म्हणालीस, "खुर्ची अजून गरम आहे, जाऊन बस." मी बसले. पण एकदाच लिहून टाकते, ती प्रमुखाची जागा मी मागितली नव्हती. एका महिन्यात तुझ्या हाताखालच्या दोघांनी बदलीचे अर्ज दिले, अधीक्षकांनी तुला भांडारात बसवायचं ठरवलं, तू राजीनामा तोंडावर फेकलास आणि दुसऱ्या गावच्या त्या लहान रुग्णालयात रुजू झालीस. अधीक्षकांना इथे तळघरात कुणीतरी हवं होतं, ज्याला सगळ्या चिमट्यांची आणि कात्र्यांची नावं पाठ आहेत. मला पाठ होती, कारण तूच ती घोकून घेतली होतीस. गोष्ट एवढीच आहे.

तळघर आहे तसंच आहे. वरच्या थिएटरमधून रक्ताळलेली हत्यारं खिडकीतून धुण्याच्या खोलीत येतात, पुसून-तपासून ट्रेमध्ये लागतात, कापडात बांधली जातात, इंजिनकाका ती वाफेच्या यंत्रात घालतो, आणि पलीकडच्या दाराने निर्जंतुक होऊन पुन्हा वर जातात. तुझ्यावाचून यातलं काही थांबलेलं नाही. हे वाचून तुला बरं वाटेल की वाईट, मला ठरवता येत नाही.

मागच्या आठवड्यात सगळ्या विभागप्रमुखांना एका खोलीत बसवून दिवसभर शिकवलं. विषय होता, हाताखालच्या माणसांशी कसं बोलावं. शिकवणाऱ्याचे बूट चकचकीत होते आणि तो फार हसत होता. प्रत्येकाचं रोज एकदा कौतुक करा म्हणाला. मग शेजारच्याकडे वळून त्याचं कौतुक करायला लावलं. माझ्या शेजारी धुलाई विभागाचा म्हातारा होता. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, तुमची ओढणी इस्त्रीची आहे. मी म्हटलं, तुमच्याकडेच होते चादरींबरोबर.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, तुला गोड बोलायला शिकवायला माणूस आणला, म्हणजे रुग्णालय खरंच अडचणीत दिसतंय.

दमायला होतं, ताई. तुला नसेल होत. तू दिवसभर ओरडूनसुद्धा संध्याकाळी भाजी आणायला ताजीतवानी जायचीस. मी दिवसभर हळू बोलते आणि घरी येऊन पायरीवरच बसते.

तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

आज तुला हळूबाईचं सांगते. हे नाव तूच ठेवलं होतंस, आठवत असेल. ट्रे बांधायला तिला इतरांपेक्षा वेळ लागायचा, म्हणून पहिल्याच आठवड्यात तू तिला सगळ्यांसमोर हाक मारलीस, "ओ हळूबाई, पेशंट बरा होऊन घरी जाईल तोवर बांधाल का?" सगळे हसले, मीही हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. मी खुर्चीत बसले तेव्हा लक्षात आलं की तिचं खरं नाव मला माहीतच नाही. पगारपत्रकात बघावं लागलं. आता आम्ही तिला नावानेच हाक मारतो. तुला लिहिताना मात्र हळूबाईच लिहिते, नाहीतर कोण ते तुला कळायचं नाही.

तर त्या बूटवाल्याने सांगितलं म्हणून मी कौतुक सुरू केलं. सकाळी आले की एक फेरी. धुण्याच्या खोलीत छान, बांधण्याच्या खोलीत वा, इंजिनकाकाला शाब्बास. इंजिनकाकाने तर मागे वळून बघितलं, मी दुसऱ्या कुणाला म्हणतेय असं वाटून. दोन आठवडे हे चाललं. मला वाटलं, जमतंय आपल्याला. लोक हसतात, चहाला बोलावतात. (तू गेलीस त्या दिवशीही त्यांनी चहा मागवला होता. हे तुला सांगायचं नव्हतं. लिहून झालंय, आता खोडत नाही.)

एक दिवस दुपारी हळूबाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हात पुसत होती, कोरडेच होते तरी पुसत होती. म्हणाली, मॅडम, राग येणार नसेल तर बोलते. मी म्हटलं, बोला. ती म्हणाली, "काल तुम्ही माझ्या ज्या ट्रेला छान म्हणालात, त्यात एक चिमटा उलटा लागला होता. तुम्ही गेल्यावर मला दिसला, मी बदलला. तुम्ही बघितलाच नव्हता ना ट्रे?"

मी म्हटलं, नाही.

मग ती म्हणाली, मोठ्या ताई बोलायच्या ते लागायचं, पण त्या बघून बोलायच्या. तुम्ही न बघता छान म्हणता. मला कसं कळणार मी बरी झालेय की नाही?

तुझी बाजू घेतली तिने, ताई. तू जिला हळूबाई म्हणालीस तिने. हे मी तुला सांगितलंच पाहिजे असं वाटलं, म्हणून मुद्दाम बसलेय लिहायला.

तेव्हापासून सकाळची फेरी बंद केली. आता दिवसात एका टेबलाशी बसते, खरंच बसते, स्टूल ओढून. जे दिसेल ते बोलते. ह्या कात्रीचं बिजागर तुम्ही उघडून पुसलंत, बाकीचे कुणी उघडत नाहीत. हा कापडाचा कोपरा सैल आहे, वर उघडताना हात लागेल, पुन्हा बांधा, मी थांबते. हळूबाई हळू का बांधते तेही बसल्यावर कळलं. तिच्या उजव्या अंगठ्याला जोर नाही. लहानपणी दारात सापडलेला. इतकी वर्षं शेजारी काम केलं आणि मला माहीत नव्हतं. तिची गाठीची पद्धत आम्ही बदलली. अजूनही ती सगळ्यांत हळूच आहे, पण आता उशीर होणार असला की ती "मला आणखी थोडा वेळ लागेल" असं आधी सांगते. पूर्वी सांगत नसे, नुसती रडवेली होऊन भराभर बांधायची.

पण हे सगळं फार खातं ग माणसाला. ओरडायला काही लागत नाही, ते आपोआप येतं. एकेक वाक्य आधी तोंडात फिरवून मग बाहेर काढायचं, समोरच्याचा चेहरा बघायचा, त्याच्या घरचं ऐकायचं, यात दिवसाअखेर माझ्यात काही उरत नाही. घरी आले की आई विचारते, मोठीचा फोन आला का. मी सांगते. तिला ऐकू जात नाही, पुन्हा विचारते. काल तिसऱ्यांदा विचारलं आणि मी अशी ओरडले की हे आतल्या खोलीतून बाहेर आले. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कामावरही असंच बोलतेस का?"

मी म्हटलं, नाही, तिथे नाही.

ती म्हणाली, "मग मलाच तिथे घेऊन जा."

हे हसले. मी पण हसले. नंतर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तुझी,
धाकटी


३ मार्च

ताई,

आज फार लिहीत नाही. आईला ताप होता दोन दिवस, आता उतरलाय. तिला तुझ्या हातची पातळ खिचडी हवी होती. मी केली, तिने खाल्ली आणि म्हणाली, बरी आहे. तिच्या बरी आहेचा अर्थ तुला माहीत आहेच.

कामावर थोडं झालंय. काळजीचं नाही. म्हणजे होतं, आता नाही. अधीक्षकांनी दोनदा वर बोलावलं. सवडीने लिहीन.

तुझ्याकडे यंत्र कुठलं आहे? मोठं की टेबलावरचं? त्याची घंटा वाजते का मध्येच? वाजली तर कोण बघतं? सहज विचारतेय.

तुझी,
धाकटी


१७ मार्च

ताई,

सवड काही मिळाली नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या दिवशी सकाळपासून वरची सिस्टर इंटरकॉमवर ट्रेसाठी मागे लागली होती. दोन मोठी ऑपरेशनं एकामागून एक लागलेली. इंजिनकाकाने ट्रे यंत्रात लावले. मी बांधण्याच्या खोलीत होते, नवीन कापडांचा गठ्ठा आला होता, तो मोजून घेत होते. ट्रे बाहेर आले, बांधलेल्या कापडावरच्या पट्टीच्या रेघा काळ्या झालेल्या होत्या, ट्रे वर गेले. सगळं रोजच्यासारखं.

थोड्या वेळाने इंजिनकाका माझ्या दारात आला. तुला तो माहीत आहे. यंत्राशी उभं राहून गुणगुणतो, माणसांशी बोलायची वेळ आली की खाली बघतो. तो दारातच थांबला. मी म्हटलं, या. तो आत आला नाही. मी पुन्हा म्हटलं, या ना, बसा. तो बसला, आणि म्हणाला, "मॅडम, मघाचे ट्रे वर जायला नको होते."

वीज क्षणभर गेली होती. यंत्र मध्येच थांबलं, घंटा वाजली. नियमाने सगळं पहिल्यापासून चालवायला हवं होतं. पण सिस्टरचा आवाज इंटरकॉमवर चालूच होता. त्याने घंटा बंद केली, राहिलेला वेळ जेमतेम चालवला आणि दार उघडलं. थोडी वाफ लागली तरी बाहेरची पट्टी काळी होतेच. कुणाला काही कळणार नव्हतं. त्याच्याशिवाय कुणालाच.

ताई, माझ्या तोंडात काय आलं होतं सांगू? तुझंच वाक्य. "यंत्र बिघडत नाही, माणसं बिघडतात." अगदी तुझ्या आवाजात जिभेवर आलं होतं. ते बोलून टाकणं अगदी सोयीचं होतं.

मी विचारलं, कुठले ट्रे आणि कुठल्या थिएटरला. त्याने सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं तुम्ही आलात, आता जाऊ नका, मला तुमची मदत लागेल. आणि फोन उचलला.

वर पेशंटला भूल दिली होती. एका बाईचं पोटाचं ऑपरेशन होतं. सिस्टर म्हणाली, ट्रे उघडतोय. मी म्हटलं, हात लावू नका. ती म्हणाली, डॉक्टर उभे आहेत. मी म्हटलं, उभे राहू देत, ट्रेच्या आतली पट्टी बघा. आतली पट्टी पुरेशी वाफ लागल्याशिवाय रंग बदलत नाही, तुला माहीत आहे. पलीकडे कापड उलगडल्याचा आवाज आला. मग सिस्टर म्हणाली, "नाही बदलला." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

मग धावपळ. शेजारच्या थिएटरमधला राखीव ट्रे आणला, तो पुरा नव्हता, त्यात जे नव्हतं ते हळूबाईने आदल्या दिवशीच्या साठ्यातून काढून दिलं. तेव्हा ती हळू नव्हती. इंजिनकाकाने बाकीचे ट्रे परत मागवून सगळे पहिल्यापासून लावले. प्रत्येक पायरी तो मला मोठ्याने सांगत होता, मी न विचारता. डॉक्टर इंटरकॉमवर मला जे बोलले ते बोलले. ती बाई नंतर सुखरूप घरी गेली. तिला यातलं काही माहीत नाही. वऱ्हांड्यात तिचा नवरा कागदी पिशवीत सफरचंदं घेऊन बसला होता, त्यालाही नाही.

सगळं निवल्यावर मी इंजिनकाकाला चहा दिला आणि समोर बसले. त्याने तो घेतला नाही. मी त्याला म्हटलं, "घंटा बंद केलीत ती चूक होती, मोठी चूक. सांगायला आलात ते बरोबर होतं. मी यातलं एकही विसरणार नाही." हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. त्या बूटवाल्याकडेही असलं काही शिकवलं नव्हतं. काका तोंडावर रुमाल धरून बसला. बऱ्याच वेळाने चहा प्यायला, गार झालेला.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी वर बोलावलं. त्याला काढा म्हणाले, कागद तयार आहे, तुमची सही हवी. मी म्हटलं, सही करणार नाही. जो सांगायला आला त्याला काढलं, तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही, आणि पुढच्या वेळी पट्टी बघायला सांगणारं कुणी नसेल. ते म्हणाले, तुमच्या बहिणीने असल्या माणसाला पाच मिनिटं ठेवलं नसतं.

त्यावर मी त्यांना एक वाक्य बोलले. ते तुला लिहिणार नाही.

काका राहिला. महिनाभर यंत्रावर त्याच्या जोडीला दुसरा माणूस उभा राहील असं ठरलं. वीज गेली की यंत्राचं दार कुलूपबंद व्हावं, अशी सोय करायला कारागीर येऊन गेला. मला लेखी समज मिळाली, माझ्या कागदपत्रांत लागेल. आणि मी हंगामी सांभाळतेय ती प्रमुखाची जागा आता जाहिरात देऊन भरणार आहेत. मलाही अर्ज करता येईल म्हणाले. बघू. खरं सांगायचं तर अर्ज भरायचाही कंटाळा आलाय.

आई विचारत होती, हल्ली इतकी गप्प का असतेस. मी म्हटलं, घसा बसलाय.

तुझी,
धाकटी


५ एप्रिल

ताई,

मागच्या पत्रात एक वाक्य ठेवून घेतलं होतं. ते ठेवून मला झोप लागत नाही, म्हणून पाठवतेय. वाचून फाडलंस तरी चालेल.

अधीक्षक म्हणाले, तुमच्या बहिणीने त्याला ठेवलं नसतं. मी म्हटलं, "म्हणूनच त्याने तिला सांगितलं नव्हतं."

ते रागाच्या भरात बोललेलं नव्हतं. चहा प्यायल्यावर इंजिनकाकाने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. यंत्र असं आधीही थांबलं होतं. तुझ्या वेळी. एकदाच नव्हे. पहिल्यांदा थांबलं तेव्हा तो तुझ्याकडे आला होता, यंत्राचं काहीतरी बिघडलंय म्हणून सांगायला. तू महिन्याचा हिशोब घेऊन बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, यंत्र बिघडत नाही, माणसं बिघडतात. सगळे हसले. मीही तिथे असेन, मला आठवत नाही. तो परत गेला. त्यानंतर यंत्र थांबलं की तो नुसती घंटा बंद करायचा.

ते ट्रे वर गेले, ताई. कुठे गेले, कुणाच्या पोटात वापरले, कोण त्यामुळे जास्त दिवस पडून राहिलं, कुणाची जखम चिघळली, हे कळायला आता काही मार्ग नाही. मी शोधायचा प्रयत्न केला. जे पेशंट होते ते आपापल्या गावी गेले, आणि जखम चिघळायला हजार कारणं असतात. काहीच झालं नसेल असंही असू शकतं. मी स्वतःला तेच सांगते. तूही सांग.

काकाने हे वर अधीक्षकांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मी त्याच्या शेजारी उभी होते. तुझं नाव त्याने घेतलं नाही. पण ती वर्षं कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तू आळशी नव्हतीस. निष्काळजी तर मुळीच नव्हतीस. तळघरातली एकेक कात्री तुला तिच्या ओरखड्यावरून ओळखता यायची. पेशंटला काही होऊ नये म्हणून तू ओरडायचीस, हे मला माहीत आहे. मी तुझ्याच हाताखाली शिकले. म्हणून तर हे लिहिणं इतकं जड जातंय. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर जेवणाच्या सुट्टीत बोलून मोकळी झाले असते.

आणि मी काही फार निराळी आहे असंही समजू नकोस. तो दारात उभा होता तेव्हा मी नुसती मान वर केली, एवढाच फरक झाला. त्या दिवशी मी कापडांऐवजी हिशोब बघत असते तर काय झालं असतं, कोण जाणे.

मला तुझ्याकडून काही नको. माफी नको, उत्तर नको. तुला दुसऱ्या कुणाकडून हे कळू नये, एवढंच होतं.

तुझी,
धाकटी


११ जून

ताई,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर बघून ह्यांनीच आधी ओळखलं आणि काही न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मी जेवण होईपर्यंत उघडलं नाही. आईने विचारलं, काय आहे. मी म्हटलं, मोठीचं पत्र. तिने हात पुसून ते घेतलं, डोळ्यांशी नेलं, वाचता येईना तशी नुसतं धरून बसली. मग मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं नाही.

मला वाटलं होतं तू भांडशील. निदान एक ओळ तरी असेल, तुला काय माहीत तळघर चालवणं, अशी. भांडायची मी तयारी ठेवली होती. एप्रिलमधल्या पत्राबद्दल तू एक अवाक्षर लिहिलेलं नाहीस. तरी तू ते पुन्हापुन्हा वाचलंयस, हे मला तुझ्या अक्षरावरून कळलं. तू इतक्या हळू कधी लिहीत नाहीस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. मला फार काही येतं असं समजून विचारू नकोस. मी सकाळी स्टूल ओढते, तेव्हा रोज नव्याने भीती वाटते.

तू लिहितेस, तुझ्या हाताखालच्या दोन मुलींपैकी एकीच्या हातून पोटात घालायच्या दुर्बिणीची नळी पडून तिची काच तडकली आणि तिने ती मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यात लपवली. ती तुला सापडली. त्याला दोन दिवस झाले. तू तिला अजून काही बोलली नाहीस. तिच्या टेबलापर्यंत जातेस आणि परत येतेस, कारण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची तुला खात्री नाही. आणि विचारतेस, तिला काय म्हणू ते लिही, तसंच म्हणते.

पत्र पोचेपर्यंत तू काहीतरी बोलून बसली असशील, किंवा तीच पळून गेली असेल. तरी लिहिते.

दुसरी मुलगी खोलीत असताना बोलू नकोस. तिला काहीतरी आणायला पाठव. ह्या मुलीला आधी बसायला सांग, मग तूही बस. तू उभी राहिलीस की दारसुद्धा अरुंद वाटतं, ताई, राग मानू नकोस. नळी टेबलावर ठेव. ती कुठे सापडली हे सांगू नकोस, तिला माहीत आहे. विचार, ही कशी पडली? का लपवलीस हे विचारू नकोस. का म्हटलं की माणूस खोटं शोधायला लागतो. कशी म्हटलं की खरं सांगतो. टेबल ओलं होतं, हातमोजे मोठे होते, मागून कुणी हाक मारली, काहीतरी निघेल. जे निघेल ते दुरुस्त कर, तिच्यासमोर, त्याच दिवशी.

मग खरं बोल. नळी तुटली ते वाईट झालं, पण तडकलेली काच कुणाच्या पोटात गेली असती तर त्याहून वाईट झालं असतं, म्हणून तुटलेलं मला लगेच कळायला हवं, असं सांग. ते गोड करून सांगू नकोस. तुला ते जमणारही नाही, आणि तिला पटणारही नाही. आणि तिचं एखादं काम तू खरंच बघितलेलं असेल तर तेही सांग. नसेल बघितलं तर आधी दोन दिवस बघ, मग सांग. मला हळूबाईने धडा दिलाय.

मध्येच तुझा आवाज चढला तर गप्प बस. माफ कर, मला असंच बोलायची सवय आहे, असं म्हण आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. मी आईशी हल्ली तसंच करते. दिवसाआड तरी पहिल्यापासून सुरू करावं लागतं. ती म्हणते, हे बरं आहे, एक गोष्ट दोनदा ऐकायला मिळते.

ती रडली तर रडू दे. डोळे पुसायला फडकं पुढे कर, पण यंत्रातून निघालेलं निर्जंतुक फडकं नको. एवढं तुला सांगायला नको, तरी सांगितलं.

इकडचं म्हणशील तर जाहिरात आली. मी अर्ज केला. बांधण्याच्या खोलीतल्या सगळ्यांनी मिळून तो माझ्याकडून भरून घेतला, मी तीनदा ठेवून दिल्यावर. मुलाखतीला बाहेरचा एक तरुण होता, भराभर बोलणारा. त्याला मिळाली जागा. पुढच्या महिन्यात तो येईल आणि मी पुन्हा बांधण्याच्या टेबलावर जाईन. हळूबाईच्या शेजारी. वाईट वाटलं का, तर वाटलं. पण त्या संध्याकाळी पायरीवर न बसता सरळ वर गेले, हेही खरं. इंजिनकाकाने विचारलं, मॅडम, आता घंटा वाजली तर कुणाला सांगू? मी म्हटलं, त्यांनाच सांगा, आणि त्यांनी मान वर केली नाही तर पुन्हा सांगा, मी तुमच्याबरोबर येते.

त्या मुलीशी बोलून झालं की तिला लगेच कामाला लावू नकोस. लवकर घरी पाठव. दारापर्यंत जा तिच्याबरोबर. तिथे एवढंच म्हण, उद्या ये. ती तुझ्याकडे बघेल, ह्या खरंच म्हणतायत का म्हणून. तेव्हा पुन्हा एकदा म्हण.

तूही ये. रविवारी दुपारी आम्ही सगळे घरीच असतो.

तुझी,
धाकटी